घोंगडी आणि लोकरीचा गालिचा घरी कसा सांभाळायचा? आधी हळदीची चाचणी करा, मग पाणी लावा!



हातमागाच्या वस्तू विकणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे लोकरीची निगा. व्हिडिओमध्ये हाताची कृती दाखवता येते, पण प्रमाण, क्रम आणि कारणं लिहिलेली असली की पाहिजे तेव्हा पुन्हा बघता येतात. म्हणून हा लेख. दुकानदारांनी वाचा, घरून ऑनलाइन विकणाऱ्या ताईंनी वाचा, आणि ज्यांच्या घरात घोंगडी किंवा लोकरीचा गालिचा अंथरलेला आहे त्यांनी तर नक्कीच वाचा.

मुद्दा एका ओळीत सांगायचा तर असा: लोकर वापरून जितकी खराब होत नाही, तितकी चुकीच्या धुण्याने होते.

याचा धंद्याशी काय संबंध?

साधं गणित करू. समजा तुम्ही एक घोंगडी ४,५०० रुपयांना विकली. खरेदी, वाहतूक, पॅकिंग धरून ती तुम्हाला ३,६०० ला पडली. हातात राहिले ९००. आता ग्राहकाने ती वॉशिंग मशीनमध्ये टाकली, ती आटली, आणि तुम्ही संबंध टिकवायला बदलून दिली, तर तुमचे ३,६०० गेले. म्हणजे चार घोंगड्यांचा नफा एका धुण्यात वाहून गेला.

बदलून दिली नाही, तरी नुकसान आहेच. तो ग्राहक दहा जणांना सांगणार, "हातमागाचं काही टिकत नाही हो." पुढच्या वेळी तो ॲक्रिलिकचं ब्लँकेट घेणार. दख्खनी मेंढीच्या लोकरीला आधीच भाव नाही. कातरणीनंतर लोकर टाकून द्यावी लागते अशी अनेक मेंढपाळांची अवस्था आहे, आणि घोंगडी विणणारी सनगर मंडळी कमी होत चालली आहेत. अशा वेळी चांगली वस्तू केवळ धुण्याच्या चुकीमुळे बदनाम होणं आपल्याला परवडणारं नाही.

आधी ओळखा: हातात नेमकं काय आहे?

तीन वस्तू दिसायला जवळपास, पण निगा वेगळी.

१. घोंगडी: उभे आणि आडवे दोन्ही धागे लोकरीचे. खड्डामागावर विणलेली. विणण्याआधी उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी कडक लागते.

२. गाठींचा गालिचा: भदोही-मिर्झापूर भागातला असतो तसा. वर लोकरीचे केस उभे, पण आतले उभे धागे बहुतेक वेळा सुती. झालर म्हणजे त्याच सुती धाग्यांची टोकं. गालिचा उलटा करून बघा, पाठीवर एकेक गाठ दिसेल.

३. टफ्टेड गालिचा: पाठीवर कापड चिकटवलेलं असतं, आत रबरासारखा चिकट थर असतो. हा विणलेला नाही. याला पाण्यात बुडवायचंच नाही, कारण तो थर सुटतो आणि वासही येतो. पाठ बघितल्याशिवाय ग्राहकाला धुण्याचा सल्ला देऊ नका.

लोकर खरी आहे का ही शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. गालिच्याचा धागा वरच्या केसांतून घ्या, झालरीतून नको. झालर सुती असते, ती कागदासारखी जळणार आणि तुमचा निष्कर्ष चुकणार.

आणि हो, सोलापुरी चादरीशी गल्लत करू नका. ती सुती आहे, तिला मशीन चालतं. "आमची सोलापूरची चादर वर्षानुवर्षं मशीनला टाकतो, मग घोंगडीला काय होतंय?" असा प्रश्न येतोच. उत्तर पुढे आहे.

लोकर आटते का?

लोकर म्हणजे केस. केसाच्या अंगावर अगदी बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे एकाच दिशेला झुकलेले. पाणी, उष्णता आणि घासणं हे तिन्ही एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. धागे घट्ट बसतात, वस्तू आखूड आणि जाड होते. काश्मीरचा नमदा मुद्दाम याच पद्धतीने बनवतात: लोकर पसरायची, साबणाचं पाणी मारायचं, गुंडाळायची, दाबत राहायची. वॉशिंग मशीन तुमच्या घोंगडीचं नेमकं हेच करतं. फरक एवढाच की इथे ते कोणी मागितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट: सूत ओलं झालं की मजबूत होतं, लोकर ओली झाली की कमजोर होते. म्हणून सुती चादर आपटून धुतली तरी चालते, घोंगडी पिळली तरी ताणली जाते.

तिसरी गोष्ट साबणाची. लोकर हे प्रथिन आहे, आणि प्रथिनाला क्षार म्हणजे अल्कली सोसत नाही. धुण्याचा सोडा, साधी डिटर्जंट पावडर, कपड्यांची वडी हे सगळे क्षारयुक्त. त्यांनी लोकर खरखरीत होते, रंग उतरतो, धागा ठिसूळ होतो. क्लोरीनच्या ब्लीचची तर गोष्टच सोडा, त्यात लोकर चक्क विरघळते. शिवाय बऱ्याच डिटर्जंटमध्ये प्रथिनांचे डाग फोडणारे एन्झाइम असतात. त्यांना डाग आणि लोकर यातला फरक कळत नाही.

हळदीची चाचणी: दोन मिनिटं, खर्च शून्य

"मग कोणता साबण वापरू?" हा प्रश्न ग्राहक शंभर टक्के विचारतो. ब्रँडची यादी पाठ करण्यापेक्षा ही चाचणी शिकवा.

चिमूटभर हळद चमचाभर पाण्यात कालवा. पांढऱ्या कागदावर फासून वाळू द्या. आता जो साबण वापरणार आहात त्याचं पाणी, धुताना असेल तेवढंच पातळ, त्यावर एक थेंब टाका.

कागद पिवळाच राहिला, तर या बाबतीत साबण ठीक. लालसर-तपकिरी झाला, तर साबण क्षारयुक्त, लोकरीला लावू नका. तुलना करायची असेल तर दुसऱ्या कोपऱ्यात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. लाल म्हणजे किती लाल ते दिसेल.

हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो ना? तेच. डाग बिघडलेला नसतो, हळद तुम्हाला साबणाचा स्वभाव सांगत असते.

मर्यादाही लक्षात ठेवा. ही चाचणी फक्त क्षार सांगते, एन्झाइम किंवा ब्लीच सांगत नाही. त्यासाठी बाटलीवरचं लेबल वाचा. 'लोकरीसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं लिक्विड घ्या, किंवा सरळ रिठा वापरा. दहा-बारा रिठ्यांची साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून पूर्ण गार करा. फक्त पांढऱ्या लोकरीवर रिठ्याची पिवळसर झाक राहू शकते, त्यामुळे आधी कोपऱ्यावर लावून बघा.

रोजची निगा: पाण्याशिवाय

नव्वद टक्के काम इथेच होतं. लोकरीच्या धाग्यावर नैसर्गिक मेणचटपणा असतो, त्यामुळे धूळ वर वर बसते आणि झटकली की निघते. खरा शत्रू आहे बारीक वाळू. ती केसांच्या मुळाशी जाऊन बसते, आणि वरून चालताना प्रत्येक पावलागणिक धागा घासत राहते.

- घोंगडी आठवड्यातून एकदा दोघांनी चार कोपरे धरून झटका. गच्चीच्या कठड्यावर टाकून पाठीमागून काठीने हलकं थोपटा.
- गालिचा महिन्यातून एकदा उलटा करून पाठीवरून व्हॅक्यूम करा किंवा थोपटा, मग खालची लादी झाडून घ्या. किती वाळू पडते ते बघून आश्चर्य वाटेल.
- व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा. झालरीवर व्हॅक्यूम फिरवू नका, ती ओढली जाऊन तुटते.
- दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवा, म्हणजे ऊन आणि पावलं सगळीकडे सारखी पडतील.
- सतत कडक ऊन नको. रंगवलेला धागा विटतो, आणि काळी नैसर्गिक लोकरसुद्धा उन्हाने तपकिरी पडते.
- सुरुवातीचे काही महिने केस गळतात. हे सुट्टे तंतू आहेत, वस्तू विरत नाही. वर आलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा.

नव्या घोंगडीला मेंढीचा हलका वास येतो. तो दोष नाही. दोन-चार दिवस सावलीत, हवेवर टाका. वास आला म्हणून पहिल्याच दिवशी धुवायला काढू नका.

काही सांडलं तर

नियम एकच: टिपा, घासू नका. कडेकडून मध्याकडे पांढऱ्या सुती फडक्याने दाबत जा. घासलं की डाग आत जातो आणि लोकर गुंतते.

- चहा-कॉफी: टिपा, मग गार पाण्याचं फडकं. डाग राहिलाच तर कपभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून टिपा.
- तेल-तूप: पाणी लावू नका. वर कॉर्नफ्लोअर टाका, काही तास ठेवा, मग ब्रशने काढा. गरज पडली तर पुन्हा.
- हळद-भाजी: रस्सा चमच्याने उचला. साबणाची वडी नको. गार पाणी आणि लोकरीच्या लिक्विडचं पातळ पाणी लावून टिपा. उरलेला पिवळेपणा थोड्या उन्हाने फिका पडतो.
- मेण: बर्फाची पिशवी ठेवून कडक करा, मग तुकडे सोडवा.
- लहान बाळ किंवा कुत्र्या-मांजराची शी-शू: लगेच टिपा, गार पाणी, मग व्हिनेगरचं पाणी. उशीर झाला की वासही बसतो आणि रंगही जातो.

घरी धुवायचं असेल तर

आधी ठरवा, घरी धुवायचं की नाही. ओली झाल्यावर दोन माणसांना सहज उचलता येईल, तेवढीच वस्तू घरी. घोंगडी, आसन, छोटी लोकरीची सतरंजी ठीक. मोठा गाठींचा गालिचा व्यावसायिक धुलाईला द्या, कारण त्याच्या तळात पाणी अडकतं आणि सुती धागे कुजतात.

वेळ महत्त्वाची. पावसाळ्यात अजिबात नको. लोकर कोरड्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. अडीच किलोच्या घोंगडीत पाऊण किलो पाणी, आणि आपल्याला वाटतं वाळली! मग कुबट वास आणि बुरशी. ऑक्टोबरचं ऊन किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम. वर्षातून एकदा धुणं खूप झालं. डाग नसतील तर दोन वर्षांतून एकदा.

१. आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी नीट झटका.

२. रंगाची चाचणी: पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर, खासकरून काठावर, मिनिटभर दाबा. रंग फडक्यावर आला तर घरी धुऊ नका.

३. सकाळी लवकर सुरू करा. मोठ्या टबमध्ये साधं गार पाणी, त्यात रिठ्याचं पाणी किंवा बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात लिक्विड. लिक्विड आधी पाण्यात मिसळा, थेट लोकरीवर ओतू नका.

४. दहा-पंधरा मिनिटं भिजवा. तळव्यांनी वरून खाली दाबा आणि सोडा. घासणं, आपटणं, ब्रश मारणं, पायाने तुडवणं नको.

५. तशाच गार पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. शेवटच्या बादलीत दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. बोअरचं जड पाणी असेल तर ही पायरी चुकवू नका.

६. पिळू नका. तिरप्या फळीवर किंवा जिन्याच्या कठड्यावर निथळू द्या, मग जुन्या टॉवेलांमध्ये गुंडाळून दाबा.

७. चिमटे लावून टांगू नका. ओल्या वस्तूचं वजन चिमट्याच्या जागी येतं आणि कोपरे लोंबतात. खाटेवर सपाट पसरा, सावलीत, हवा खालून-वरून लागेल अशी. चार-पाच तासांनी उलटा, आकार हाताने सरळ करा.

८. वाळली का हे तळव्याने नाही, हाताच्या पाठीने बघा. गार लागलं तर अजून ओल आहे. शंका असेल तर आणखी एक दिवस.

पहिल्या धुण्यानंतर खळ निघते आणि घोंगडी मऊ होते. "कडकपणा गेला, म्हणजे खराब झाली का?" असं ग्राहक विचारेल. नाही, आता ती अंगाला सरावली.

कसर: न दिसणारा चोर

उडणारं छोटंसं सोनेरी पाखरू लोकर खात नाही. खातात त्याच्या अळ्या. त्यांना अंधार, शांतता आणि मळ आवडतो. म्हणून सोफ्याखालचा भाग आणि पेटीतली न उघडलेली घडी इथे कसर आधी लागते. वाळूसारखे कण, रेशमी जाळी किंवा केस उडालेले चट्टे दिसले की समजा.

ठेवणीत टाकण्याआधी वस्तू स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी, हा पहिला नियम. घामाचा आणि खरकट्याचा अंश असलेली लोकर अळ्यांना जास्त आवडते. घडीपेक्षा गुंडाळी बरी. धुतलेल्या जुन्या सुती चादरीत गुंडाळून टोकं घट्ट बांधा. दोन महिन्यांनी बाहेर काढा, झटका, थोडं ऊन दाखवा. कडुनिंबाचा पाला, लवंगा ठेवायला हरकत नाही, पण त्यांनी अंडी मरत नाहीत. त्यावर भिस्त ठेवू नका. डांबराच्या गोळ्यांचा उपयोग फक्त बंद पेटीत होतो. त्या लोकरीला चिकटवू नका, तान्ह्या बाळाचे कपडे-पांघरुणं असलेल्या पेटीत तर ठेवूच नका, आणि वापरण्याआधी वस्तू हवेवर ठेवा.

कसर लागलीच, तर वस्तू बाहेर नेऊन दोन्ही बाजूंनी ब्रश करा, व्हॅक्यूमची धूळ घराबाहेर टाका. छोटं आसन असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा.

आता दुकानदारांसाठी: माहिती पोचली पाहिजे

इथे बहुतेकजण चुकतात. निगेची माहिती आपण काउंटरवर विकत घेणाऱ्याला सांगतो. पण धुणारी व्यक्ती वेगळी असते: घरच्या आई, कामाच्या मावशी, किंवा हॉस्टेलवरचा मुलगा. छापलेलं कार्ड पिशवीबरोबर कचऱ्यात जातं. म्हणून विकताना एक प्रश्न विचारा, "घरी कपडे कोण धुतं?" आणि वस्तूच्या कोपऱ्याला बोटभर सुती पट्टी शिवा. त्यावर मराठीत एवढंच:

मशीन नाही. गरम पाणी नाही. पावडर-सोडा नाही. पिळू नका. सावलीत सपाट वाळवा.

बाकी तपशील व्हॉट्सॲपवर पाठवा. बिलावर एक ओळ छापा की मशीनमध्ये धुतल्याने आटलेली वस्तू बदलून मिळणार नाही. पण ही ओळ विकण्याआधी तोंडाने सांगा. नंतर दाखवलेला नियम ग्राहकाला फसवणूक वाटतो.

आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जुन्या ग्राहकांना मेसेज करा: "पाऊस संपला, घोंगडी बाहेर काढा, कसर तपासा, ऊन दाखवा." त्यात विक्रीची एकही ओळ घालू नका. जमत असेल तर धुऊन देण्याची सेवा ठेवा, दर आधी सांगा. वस्तू घेऊन ग्राहक स्वतः दुकानात येतो, आणि तुम्ही विकलेला माल तीन वर्षांनी कसा दिसतो हे तुम्हाला हातात घेऊन बघायला मिळतं. पुढची ऑर्डर विणकराला देताना ही माहिती सोन्यासारखी उपयोगी पडते: कोणता काठ रंग सोडतो, कोणती वीण ढिली पडते, कोणती घोंगडी जशीच्या तशी आहे.

आज एवढं करा: दुकानात जो साबण तुम्ही ग्राहकाला सुचवता, त्याची हळदीची चाचणी घ्या. कागद लाल झाला, तर उद्यापासून सल्ला बदला!